पाच वर्षं ‘सामान्य’: एका कारखान्यातल्या श्रवणचाचण्यांचं प्रकरण

हे प्रकरण पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत किंवा बदलले आहेत. व्यावसायिक आरोग्य सल्लागार म्हणून आमच्या गटाला तिथे बोलावलं गेलं ते जरा विचित्र कारणासाठी. तिथल्या कामगारांचं ऐकणं एका वर्षात सुधारलं होतं.

पार्श्वभूमी

कारखान्यात आवाजाचे तीन मुख्य विभाग होते. प्रेसची लाइन, ग्राइंडिंग, आणि तयार भागांवरचा कीस आणि तेल उडवायला दाबाची हवा मारतात ती जागा. चौथं पेंट शॉप. तिथला आवाज तुलनेनं कमी, पण थिनरचा वास कायमचा. आवाजाची मोजणी बऱ्याच आधी एकदा झाली होती. कुणीतरी मीटर हातात धरून विभागांतून फिरलं होतं आणि नकाशावर आकडे मांडले होते. प्रेसजवळ ९१ डेसिबल, ग्राइंडिंगला ९२ च्या आसपास, पेंट शॉपला ८३.

८५ डेसिबलच्या वर जिथे आठ तास काम चालतं तिथल्या माणसांच्या कानांवर लक्ष ठेवायचं, हा संकेत जगभर बऱ्यापैकी रुळलेला आहे. त्यानुसार १४० जणांची ‘आवाजाची यादी’ तयार झाली होती. दर वर्षी बाहेरची एक एजन्सी यायची, कॉन्फरन्स रूममध्ये यंत्र मांडायची आणि एका दिवसात सगळी यादी संपवायची. प्रत्येकाच्या नावाचं एक पान, त्यावर आलेख आणि खाली एक ओळ: ‘श्रवणक्षमता सामान्य’. पानं फाइलला लागत, ऑडिटमध्ये फाइल दाखवली जाई. गेटवर इअरप्लगचा खोका ठेवलेला असे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आवाजानं जाणारं ऐकणं सगळ्या पट्टीत सारखं जात नाही. आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, केसपेशी असतात. सततच्या मोठ्या आवाजानं त्यातल्या ठरावीक जागेच्या पेशी आधी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आलेखावर ३००० ते ६००० हर्ट्झच्या (आकडा जितका मोठा तितका सूर उंच) दरम्यान, बहुधा ४००० ला, खड्डा पडतो आणि ८००० ला रेषा पुन्हा थोडी वर येते. खालच्या पट्टीत सगळं ठीक असतं. म्हणून अशी माणसं ‘मला ऐकू येतं’ असं म्हणतात आणि ते खरंही असतं. स्वर ऐकू येतात. स, श, फ, च यांसारखी हलकी व्यंजनं निसटतात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि गर्दीत तर मुळीच नाही.

चाचणीत मोजतात तो ऐकण्याचा उंबरठा, म्हणजे चाचणीतल्या एखाद्या सुराचा माणूस ओळखू शकेल असा सर्वांत हलका आवाज. आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. हे लक्षात ठेवलं तर पुढचं गणित सोपं आहे.

प्रश्न कसा पुढे आला

त्या वर्षी खरेदी विभागानं एजन्सी बदलली. कारण दराचं होतं, गुणवत्तेचा त्यात काही संबंध नव्हता. नवी एजन्सी ध्वनिरोधक केबिन बसवलेली गाडी घेऊन आली आणि तिनं तीन आठवड्यांत पसरून चाचण्या केल्या. निकाल आले तेव्हा जवळजवळ प्रत्येकाचे ५०० आणि १००० हर्ट्झचे आकडे आधीच्या वर्षांपेक्षा १० ते १५ डेसिबलने चांगले होते. एचआरला ही सुरक्षा मोहिमेची पावती वाटली. अंतर्गत बातमीपत्रात टाकायचा मजकूरही तयार झाला होता.

आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या कारखान्याच्या डॉक्टरांनी तो मजकूर थांबवला. त्यांचा प्रश्न साधा होता: मेलेल्या पेशी परत येत नसताना १४० माणसांचं ऐकणं एकाच वर्षी, तेही खालच्या पट्टीत, सुधारलं कसं? ५०० हर्ट्झला सगळ्यांचे आकडे एकसारखे वाईट असणं ही माणसांच्या कानांपेक्षा खोलीबद्दलची माहिती असते. बाहेरचा आवाज हेडफोनमधून आत शिरतो तो मुख्यतः खालच्या पट्टीतला, आणि चाचणीचा हलका सूर त्याखाली दबतो. कॉन्फरन्स रूमच्या भिंतीला लागून कॉम्प्रेसर होता. सगळ्यांना हे माहीत होतं. त्या खोलीत बैठका घेताना लोक दार लावून घेत.

इथून धागा उलगडत गेला, आणि एकाखाली एक अशा तीन गोष्टी निघाल्या.

पहिली खोलीची. दुसरी वेळेची. एका यंत्रावर आठ तासांत १४० माणसं म्हणजे ४८० मिनिटांत १४०. माणशी साडेतीन मिनिटंही येत नाहीत. दोन्ही कान, सहा-सात वारंवारता, दर वेळी सूर १० डेसिबलने खाली नेत आणि ५ ने वर आणत उंबरठा शोधायचा, १००० हर्ट्झ पुन्हा तपासून माणूस भरवशाची उत्तरं देतोय का ते पाहायचं. घाई न करता याला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. साडेतीन मिनिटांत जे होतं त्याला आलेख भरणं म्हणता येईल.

तिसरी गोष्ट ‘सामान्य’ या शिक्क्याची. जुनी एजन्सी ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी काढून ती २५ डेसिबलच्या आत असली की ‘सामान्य’ लिहीत होती. एका प्रेस ऑपरेटरचा आलेख पाहा: ५०० ला १५, १००० ला १५, २००० ला २०. सरासरी १७ देखील नाही. त्याच पानावर ४००० हर्ट्झला ५० आहे. आवाज जिथे कान खातो ती जागा सरासरीत धरलीच नव्हती. खड्डा छापलेला होता, आणि त्याच्याच खाली सामान्य असं लिहून सही केलेली होती.

खरी अडचण

इतकं कळल्यावर कुणालाही वाटेल की नव्या चांगल्या चाचण्या जुन्यांशी ताडून पाहाव्यात आणि कुणाचं किती गेलं ते काढावं. इथेच घोडं अडलं.

आवाजाच्या कामात दर वर्षीच्या आकड्याला एकट्याला फारसा अर्थ नसतो. तो बेसलाइनशी, म्हणजे पहिल्या चाचणीशी ताडायचा असतो. अमेरिकेच्या ओशा या सरकारी संस्थेच्या नियमात २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी कोणत्याही एका कानात बेसलाइनपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त घसरली की उंबरठा सरकला असं धरतात आणि पुढची कारवाई सुरू होते. पण बेसलाइनच्या आधी १४ तास कान कामाच्या आवाजापासून दूर हवेत, अशी अट आहे. कारण मोठ्या आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचा उंबरठा तात्पुरता चढलेला असतो. रात्रभराच्या शांततेत तो बराचसा खाली येतो.

डॉक्टरांनी हजेरीची नोंद आणि पहिल्या वर्षीच्या आलेखांवरच्या वेळा समोरासमोर ठेवल्या. या संपूर्ण प्रकरणातलं मला सर्वांत आवडलेलं काम हेच. त्याला ना नवं यंत्र लागलं ना पैसे. सकाळी कामावर चढण्याआधी तपासलेले मोजके लोक एका बाजूला, शिफ्टमधून उठवून दुपारी तपासलेले दुसऱ्या बाजूला. त्याच विभागाचे, साधारण त्याच वयाचे. दुपारच्या गटाचे ४००० हर्ट्झचे आकडे सरासरी १० डेसिबलने वाईट होते.

याचा परिणाम मघाच्या ऑपरेटरवर पाहा. त्याची बेसलाइन भर शिफ्टमध्ये घेतलेली: २००० ला २०, ३००० ला ३५, ४००० ला ४५. सरासरी ३३.३. नव्या केबिनमधली चाचणी: २०, ४०, ५०. सरासरी ३६.७. फरक तीन-साडेतीन डेसिबलचा. नियमाच्या भाषेत काहीच झालेलं नाही. पण त्या पहिल्या दिवशी त्याचे थकलेले कान मोजले गेले होते. खरी सरासरी कदाचित बरीच कमी असेल, आणि तशी असेल तर मधल्या वर्षांत त्यानं खूप काही गमावलं आहे. तराजूत आधीच वजन ठेवून माल तोलावा तसा हा हिशेब होता. वाईट बेसलाइन नुसती निरुपयोगी नसते. ती नुकसान झाकते, आणि कागदावर नियम पाळल्यासारखंही दिसतं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय जुनी बेसलाइन तशीच चालू ठेवण्याचा. कायदेशीरदृष्ट्या सर्वांत कमी हालचाल. याच्या बाजूनं फार कुणी बोललं नाही, पण उघड विरोधही कुणी केला नाही. असे पर्याय बहुतेक वेळा असेच जिंकतात.

दुसरा पर्याय कायदा सल्लागारांनी मांडला. आता चांगल्या केबिनमधल्या चाचण्या हाती आहेत, तर सरसकट त्याच नव्या बेसलाइन ठरवाव्यात आणि पाटी कोरी करावी. ऐकायला शास्त्रशुद्ध. व्यवहारात याचा अर्थ असा की ४००० हर्ट्झला ५० वर आलेल्या माणसाचं आजवरचं नुकसान नोंदीतून पुसलं जाणार, आणि आणखी १० डेसिबल जाईपर्यंत त्याच्याकडे कुणी वळून पाहणार नाही. युनियनच्या प्रतिनिधींना ही चलाखी पहिल्याच बैठकीत कळली. आवाज न चढवता ते एवढंच म्हणाले, “साहेब, आमचे कान आजपासून मोजायचे, म्हणजे कालपर्यंतचे गेले कुठे?”

तिसरा पर्याय डॉक्टरांचा आणि आमचा. प्रत्येक माणूस, प्रत्येक कान वेगळा पाहायचा. सगळ्या जुन्या चाचण्या जपून ठेवायच्या, अविश्वसनीय असतील तिथे तसं कारणासह लिहायचं. पूर्ण शांततेनंतर नवी चाचणी करायची. जुन्या आणि नव्यातला जो आलेख चांगला आणि भरवशाचा असेल तो पुढच्या तुलनेसाठी धरायचा. ओशाच्या नियमातही ऐकणं बेसलाइनपेक्षा लक्षणीय सुधारलेलं दिसलं तर बेसलाइन बदलायची मुभा आहे. सरसकट बदलाची नाही. आणि त्यापलीकडे, तुलना बाजूला ठेवून, आजचा आलेख स्वतःच काय सांगतो ते वाचायचं. खड्डा असेल तर त्याला खड्डा म्हणायचं.

तिसरा पर्याय खर्चिक होता. १४० माणसांना शिफ्टच्या आधी, कामाविना बसवणं म्हणजे उत्पादनाचं वेळापत्रक हलवणं. व्यवस्थापनानं तो स्वीकारला त्यामागे निव्वळ सद्भावना नव्हती. पुढे दावे झाले तर कोरी केलेली पाटी न्यायालयात पुरावा लपवल्यासारखी दिसेल, हा मुद्दा त्यांच्याच सल्लागारानं दुसऱ्या बैठकीत कबूल केला. कारण कोणतंही असो, निर्णय बरोबर झाला.

एक उपप्रश्न मात्र बराच वेळ खाऊन गेला: वयाचा. वयानं ऐकणं कमी होतंच, मग तेवढे डेसिबल वजा करावेत का? ओशाच्या नियमात अशी वजावट करायला परवानगी आहे. अमेरिकेतलीच संशोधन संस्था नायॉश हिनं १९९८ च्या शिफारशींमध्ये व्यक्तीच्या आलेखातून वय वजा करू नये असं सांगितलं. आम्ही नायॉशच्या बाजूनं गेलो. सरासरी माणसाचं वय एका विशिष्ट माणसाच्या कानातून वजा करणं मला कधीच पटलेलं नाही. आणि जिथे चाचणीचा उद्देश लवकर सावध होणं हा आहे, तिथे सावध होणं लांबवणारी वजावट हवी कशाला?

काय केलं

पुन्हा चाचण्या. त्या सगळ्या शिफ्टच्या आधी, आदल्या दिवशीचं काम संपल्यावर किमान १४ तासांनी. या काळात घरीही मोठ्या आवाजापासून दूर राहा, असं प्रत्येकाला आधी सांगितलं. शांततेऐवजी इअरप्लग घालून काम केलेलं चालेल का, हा प्रश्न उत्पादन विभागानं विचारला. ओशा ते चालवून घेते, नायॉश घेत नाही. प्लग नीट बसतात की नाही हेच इथे कळलेलं नव्हतं, त्यामुळे आम्ही नाही म्हटलं. चाचणीआधी कानात डोकावून पाहिलं आणि ज्यांच्या कानात मळ साचला होता त्यांना आधी स्वच्छ करून मग बोलावलं. केबिनच्या आतला आवाजही रोज मोजला.

नऊ जणांचे आलेख या फेरीत नीट निघाले. पहिल्या निकालानं त्यांची झोप उडवली होती, आणि कारण होतं मळ किंवा आदल्या शिफ्टचा थकवा. ३७ जणांचा खड्डा किमान एका कानात कायम राहिला.

आता त्या ३७ जणांचं करायचं काय? सुपरवायझरांची पहिली सूचना होती, त्यांना शांत विभागात हलवा. प्रेसवरच्या लोकांनी हे ऐकलं आणि दोन दिवसांत पुढच्या चाचण्यांना माणसं गैरहजर राहू लागली. प्रेसवरचं कौशल्य, त्याचा भत्ता, तिथली ज्येष्ठता, सगळं ‘सामान्य’ या शिक्क्यावर अवलंबून आहे असा समज झाला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. शिवाय माणूस हलवला तरी आवाज तिथेच राहतो, त्याच्या जागी नवे कान येतात. डॉक्टरांनी लेखी ठरवून घेतलं की आलेख फक्त त्या कामगाराला मिळेल. व्यवस्थापनाला ‘या जागी कारवाई हवी’ एवढंच कळेल. आणि निव्वळ खड्ड्याच्या कारणावरून कुणाची बदली होणार नाही. हे पत्रक नोटीस बोर्डावर लागलं तेव्हा गैरहजेरी थांबली. माझ्या मते सबंध प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच होता.

दोघांचा एकच कान खराब होता. कारखान्याचा आवाज सहसा दोन्ही कानांवर साधारण सारखा काम करतो, त्यामुळे एका बाजूचं नुकसान दिसलं की आवाजावर ढकलून मोकळं होऊ नये. दोघांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. एकाला मधल्या कानाचा जुना संसर्ग निघाला, त्यावर उपचार झाले. दुसऱ्याचा एमआरआय स्वच्छ आला.

आवाजाची मोजणी नव्यानं. या वेळी माणसांच्या खांद्याला डोसमीटर (कानावर पडणारा एकूण आवाज, म्हणजे ‘डोस’, मोजणारी छोटी यंत्रं) लावले आणि ते त्यांच्याबरोबर शिफ्टभर फिरले. जुन्या नकाशानं जे कधीच दाखवलं नव्हतं ते इथे दिसलं. प्रेसवरची माणसं दिवसातून अनेकदा उठून भागांवर हवा मारत होती. उघड्या नळीतून सुटणारी ती हवा कानाजवळ १०३ डेसिबल भरली. एकूण वेळ अर्ध्या तासाचा.

अर्धा तास म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन. १०३ ला साडेसात मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासात मर्यादेच्या चौपट डोस. आणि ९१ डेसिबलवर पूर्ण आठ तास प्रेस चालवण्याचा डोस किती? तोही चौपटच. पूर्ण शिफ्टभर प्रेस जितकं नुकसान करत होता तितकंच ती अर्ध्या तासाची हवा करत होती. ओशाच्या हिशेबात ९० डेसिबलला आठ तास आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी; त्यात हाच अर्धा तास मर्यादेच्या ४० टक्क्यांच्या आत बसतो. कोणता हिशेब वापरायचा हा तांत्रिक तपशील वाटतो, पण कुठल्या यंत्राला आधी हात घालायचा हे त्यावर ठरतं. आम्ही ३ डेसिबलचा धरला.

नळीच्या तोंडाला कमी आवाजाचे नोझल बसवले आणि हवेचा दाब कमी केला. हवेचा आवाज १० डेसिबलने उतरला, म्हणजे तिचा डोस दहाव्या हिश्शावर आला. भाग पत्र्याच्या पेटीत खणखणत पडायचे, तिथे रबराचं अस्तर लावलं. प्रेसभोवती आवरणं घालायला मात्र वर्ष लागलं आणि ती दोनच यंत्रांना लागली.

इअरप्लग. इथे सगळ्यांचा अंदाज चुकला. पहिला प्रस्ताव होता बाजारातला सर्वांत जास्त आवाज अडवणारा प्लग सगळ्यांना देण्याचा. त्याआधी प्लग घातल्यावर प्रत्येक कानात प्रत्यक्ष किती आवाज अडतो याची तपासणी केली. तोच प्लग कुणाच्या कानात ३० डेसिबल अडवत होता, कुणाच्या जेमतेम ५. कान वर आणि मागे ओढून, बारीक वळलेला प्लग आत सरकवून, तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा असतो, हे अनेकांना कुणी दाखवलंच नव्हतं.

दुसरी अडचण उलटी. नीट घातलेला जाड प्लग गरजेपेक्षा जास्त बंद करतो. एका जुन्या ऑपरेटरनं सांगितलं, “डॉक्टर, डाय सैल झाली की आवाजातच कळतं. प्लग घातला तर मशीन मुकी होते, मग मी काढतोच.” ज्याच्या कानात आधीच खड्डा आहे त्याला हे जास्तच जाणवतं. आणि काढण्याची किंमत मोठी असते. ३० डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांच्या शिफ्टमध्ये अर्धा तास काढून ठेवला तर दिवसभराचं संरक्षण १२ डेसिबलवर येतं. अर्धी शिफ्ट काढला तर ३ वर. म्हणून मध्यम अडवणारे, सर्व पट्ट्यांत सारखा आवाज कमी करणारे प्लग निवडले, ज्यानं कानापर्यंत साधारण ७० ते ८० डेसिबल पोचावेत. लेबलवर त्यांचा आकडा लहान होता. खरेदी विभागाला हे पटवायला तीन पत्रं लागली.

पेंट शॉप. तिथला आवाज ८५ च्या खाली, म्हणून ती माणसं यादीत नव्हती. पण टोल्युइन, झायलीन, स्टायरीन यांसारखी द्रावकं स्वतःही कानाला इजा करू शकतात आणि आवाजाबरोबर जास्त करतात. त्यांना यादीत घेतलं, वायुवीजन तपासलं.

परिणाम

एका वर्षानंतरच्या चाचणीत तिघांचा उंबरठा सरकलेला दिसला. महिन्याभरात शांततेनंतर पुन्हा तपासल्यावर त्यातला एकच कायम राहिला. तो रात्रपाळीचा होता, आणि रात्रपाळीत प्लग घालण्याचं प्रमाण पुन्हा घसरलं होतं हे त्याच्यामुळे उघड झालं. नोझल तिथले कुणीतरी काढून ठेवले होते; नव्यानं हवा कमी येते, काम लांबतं, ही तक्रार होती. ती खरीही होती. नोझलचा आकार बदलावा लागला.

३७ जणांचं गेलेलं ऐकणं परत आलं नाही, येणारही नव्हतं. काहींना श्रवणयंत्र दिलं. कानात सतत शिटी वाजण्याची तक्रार असलेल्यांना उपचारांसाठी पाठवलं. या ३७ जणांसाठी मशीन थांबल्याचा दिवाही लावला, कारण नुसता भोंगा त्यांना कळत नव्हता.

भरपाईचा प्रश्न अर्धवट राहिला. बेसलाइन खोटी असल्यामुळे नुकसान कामावर येण्याआधीचं किती आणि नंतरचं किती हे कुणालाच सिद्ध करता येईना. ना कामगारांना, ना कारखान्याला. दोन दावे तडजोडीनं मिटले, बाकीच्यांनी केलेच नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

बदली होणार नाही हे पत्रक चाचण्यांच्या आधी निघायला हवं होतं. ते गैरहजेरी सुरू झाल्यावर निघालं, आणि मधल्या काळात काही माणसं अंदाजानं बटण दाबत होती असं त्यांच्या आलेखांवरून दिसतं. सूर वाजलाच नसताना उत्तर देणारा माणूस घाबरलेलाही असू शकतो.

यादी विभागावरून केलेली होती, माणसावरून नाही. देखभालीची टोळी दिवसभर सगळ्या विभागांत फिरते, कॉम्प्रेसरच्या खोलीत तास-तास असते, आणि ती कुठल्याच विभागाची नाही म्हणून पहिल्या वर्षी कुठल्याच यादीत नव्हती. कंत्राटी सफाई कामगारांचंही तेच. त्यांची बेसलाइन आता कामावर घेतल्याच्या आठवड्यातच होते, पण जे आधीपासून होते त्यांच्या मागच्या वर्षांचा हिशेब कुठेच नाही.

वार्षिक चाचणीच्या वेळेबद्दल अजून मतभेद आहेत. सध्या बेसलाइन आणि वार्षिक, दोन्ही सकाळी शांत कानानं होतात. आमचं म्हणणं असं की बेसलाइन शांत कानानं आणि वार्षिक चाचणी मुद्दाम शिफ्टच्या शेवटी घ्यावी. तेव्हा उंबरठा चढलेला दिसला आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर खाली आला, तर नुकसान अजून कायमचं झालेलं नाही पण प्लग किंवा यंत्र आपलं काम करत नाही हे वेळेवर कळतं. सकाळी घेतलेल्या चाचणीत हा इशारा दिसतच नाही; थेट निकाल दिसतो. उत्पादन व्यवस्थापकांचं उत्तर असं की शिफ्टच्या शेवटी लाइन थांबवता येणार नाही. तूर्तास तोडगा म्हणून प्रेसवरच्या दहा जणांची चाचणी पुढच्या तिमाहीत शिफ्ट संपताना घ्यायची ठरली आहे, चाचणीच्या वेळेचे पैसे ओव्हरटाइमप्रमाणे देऊन.